हॅलो, पाण्यातून बोलतोय!

वाशिमला समुद्र नाही. ही तक्रार नव्हे. नुसती वस्तुस्थिती नमूद करतोय. बालाजीचं देऊळ आहे, पद्मतीर्थ आहे, सोयाबीन आहे, तूर आहे आणि १ जुलै १९९८ पासून अकोल्यातून वेगळा निघालेला स्वतःचा जिल्हासुद्धा आहे. पण समुद्र नाही. तो पाहायचा तर एक अख्खी रात्र गाडीत अवघडून काढावी लागते. अशा गावच्या माणसाने ‘पाण्याखाली, आवाजाच्या साहाय्याने, बिनतारी आणि तेही स्वस्तात निरोप कसे धाडावेत’ या विषयावर तोंड उघडावं, म्हणजे अविवाहिताने जावई पारखण्यावर पुस्तक लिहिण्यासारखं झालं.

परंतु मला एक मोठा आधार सापडला आहे. आपल्या नौदलाने पाणबुड्यांशी बोलण्याच्या केंद्राची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये केली, ती कुठे? तर तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात, दामगुंडमच्या जंगलात! तिथेही लाटांचा आवाज येत नाही. विकाराबादला चालतं, तर वाशिमनेच काय घोडं मारलंय?

तर पाण्याखालच्या बोलण्याची मुख्य अडचण अशी की, जमिनीवर आपण ज्या रेडिओलहरींच्या जिवावर उड्या मारतो, त्या पाण्यात शिरल्या की साफ ढ होतात. हवेत ह्या लहरी चंद्रापर्यंत जाऊन येतील. पण खाऱ्या पाण्यात तुमच्या वाय-फायची लहर काही सेंटिमीटरांतच मान टाकते. गोड्या पाण्यात थोडी जास्त तग धरते, एवढंच. बरं, दिव्याने खुणा कराव्यात म्हटलं, तर त्याला पाणी स्वच्छ लागतं. आमच्याकडच्या विहिरीत पावसाळ्यात उतरलेल्या माणसाला स्वतःचा हात दिसत नाही, दुसऱ्याचा दिवा कुठून दिसणार? ते पाणी म्हणजे सरळ चहाच असतो. साखर तेवढी घालायची बाकी.

अतिशय संथ कंपनांच्या रेडिओलहरी मात्र पाण्यात थोड्या शिरतात. पण किती? तर काही दहा मीटर. तेवढ्यासाठी शेकडो मीटर उंचीचे मनोरे उभारावे लागतात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे ‘आयएनएस कट्टबोम्मन’ नावाचं असं केंद्र १९९० पासून आहे. आणि एवढा खटाटोप करून हे संभाषण एकतर्फीच. किनाऱ्याने बोलायचं, पाणबुडीने ऐकायचं. पाणबुडीला उलट उत्तर देण्याची सोय त्यात नाही. तेवढा मनोरा ती डोक्यावर घेऊन कशी फिरणार? मी बँकेत नोकरी करतो, त्यामुळे ही पद्धत मला नवी नाही. वरून परिपत्रकं खाली येतात, आम्ही ती ऐकतो. खालून वर काही निघालंच, तर ते पहिल्या काही सेंटिमीटरांतच विरघळून जातं.

मग पाण्यात चालतं काय? तर आवाज! हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तोच पाण्यात १५०० मीटर पळतो. म्हणजे चौपटीहून जास्त, आणि दूरवर. देवमाशांचे हुंकार शेकडो किलोमीटर जातात ते उगाच नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत ‘कलवरी’पासून ‘वागशीर’पर्यंत सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या, पहिली १४ डिसेंबर २०१७ ला नौदलात आली, सहावी १५ जानेवारी २०२५ ला. पाणबुडीला बुडालेल्या अवस्थेत बाहेरच्या जगाशी बोलायचं तर तिच्याकडे पाण्यातला टेलिफोन असतो. त्यात तार नाही, रेडिओ नाही. नुसता आवाज.

ही विद्या पाश्चात्त्यांची, असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. आपल्याकडे ती महाभारतात आहे. युद्ध हरल्यावर दुर्योधन द्वैपायन डोहात जाऊन लपला. पाणी मायेने थिजवून आत स्वस्थ बसला. कृप, अश्वत्थामा आणि कृतवर्मा काठावर येऊन त्याच्याशी बोलले आणि त्याने आतून उत्तरंही दिली. हे झालं पाण्याखालचं बिनतारी संभाषण! पण ह्या पद्धतीचा जो मूळ दोष आहे, तोही तिथेच उघडा पडला. पाण्यातला आवाज चहूकडे जातो. ज्याला कान आहे त्याने ऐकावा. जवळच पाणी प्यायला आलेल्या व्याधांनी तो ऐकला आणि जाऊन भीमाला सांगितला. पुढचं तुम्हांला ठाऊकच आहे.

मग आले युधिष्ठिर महाराज. त्यांनी काठावरून दुर्योधनाला टोचून टोचून बोलायला सुरुवात केली. आता पदार्थविज्ञान असं सांगतं की, हवेतला आवाज पाण्यावर आदळला की त्यातली शक्ती हजारात नऊशे नव्व्याण्णव भाग परत फिरते आणि जेमतेम एक भाग आत शिरतो. तरी दुर्योधनाला सगळं ऐकू आलं, तो भडकला आणि गदा घेऊन बाहेर आला. याचा अर्थ एवढाच, की साधा आवाज पाण्यात शिरत नाही, टोमणा शिरतो. हा सिद्धान्त मी सौ.ला ऐकवला. ती म्हणाली, “चुकीचा आहे. मी रोज मारते, काही शिरत नाही.”

टोमण्याची गोष्ट सोडली, तर आवाज पाण्यात पोचवायचा म्हणजे तो पाण्यातच काढला पाहिजे. हे ज्ञान आम्हांला लहानपणीच झालं होतं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून आम्ही विहिरीत पोहायला शिकलो. डबा सुटल्यावर पहिला खेळ असायचा तो हा : एकाने पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटायचे आणि दुसऱ्याने लांब जाऊन बुडी मारून ऐकायचं. विहिरीच्या दुसऱ्या टोकालाही तो आवाज असा ठणकन कानात शिरायचा, की दगड कुणीतरी आपल्याच डोक्यात घातला असं वाटावं.

नेमका हाच खेळ कोलॅडोन आणि स्टर्म ह्या दोन विद्वानांनी १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात केला. फरक एवढाच, की त्यांना त्याबद्दल मार मिळाला नाही. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगली. ती वाजवायची आणि त्याच क्षणी वर बंदुकीची दारू पेटवायची. तेरा किलोमीटरपेक्षाही लांबच्या दुसऱ्या होडीत एक जण कर्ण्याचं तोंड पाण्यात बुडवून, देठ कानाला लावून बसलेला. उजेड दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजले आणि उत्तर काढलं : सेकंदाला १४३५ मीटर. त्या आठ अंश थंड पाण्यातला हा आकडा आजच्या यंत्रांनी काढलेल्या आकड्याच्या चार-पाच मीटर इकडे-तिकडे आहे. एक घंटा, चिमूटभर दारू आणि एक कर्णा! स्वस्त संशोधन ते हेच.

आता ठणठण ऐकू येणं वेगळं आणि निरोप पोचणं वेगळं. निरोप पाठवायचा तर आधी त्याचे शून्य आणि एक असे आकडे करायचे. मग शून्यासाठी एक सूर, एकासाठी दुसरा सूर. समजा, खालचा ‘सा’ म्हणजे शून्य आणि ‘प’ म्हणजे एक. इकडच्या यंत्राने ‘सा-सा-प-सा-प’ गायचं, तिकडच्याने ऐकून उलगडा करायचा. तुम्हांला हे जादूटोण्यासारखं वाटत असेल, पण आपल्या पैशाच्या व्यवहारातही हे आलेलं आहे. ८ मार्च २०२२ ला रिझर्व्ह बँकेने बटणांच्या साध्या फोनवरून पैसे देण्याची जी सोय सुरू केली, तिच्या चार प्रकारांतला एक आवाजाच्या लहरींचाच आहे. एका फोनने गायचं, दुसऱ्या यंत्राने ऐकायचं आणि पैसे ह्या खात्यातून त्या खात्यात! पूर्वी गवयाला गाण्याबद्दल पैसे मिळत. आता गाण्यातून पैसेच जातात.

हवेतलं हे गाणं पाण्यात मात्र अवघड होतं, ते तीन कारणांनी. पहिलं, उशीर. आवाज पाण्यात हवेपेक्षा वेगाने जात असला, तरी रेडिओलहरींपुढे तो दोन लाख पटींनी हळू. दीड किलोमीटरवरच्याला ‘आहेस का?’ विचारलं, तर प्रश्न पोचायला एक सेकंद आणि ‘आहे’ यायला आणखी एक. दुसरं, प्रतिध्वनी. तोच ‘सा’ सरळ पोचतो, पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा पोचतो, तळावर आपटून तिसऱ्यांदा पोचतो. विहिरीत डोकावून ‘ओ’ दिली की विहीर जशी चार ‘ओ’ परत देते, तसं. त्यामुळे पहिला सूर पुरता विझेपर्यंत दुसरा काढायचा नाही. तिसरं, गलबला. लाटा, बोटींची इंजिनं आणि मासे. होय, मासे! घोळ आणि तिचं खानदान पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून चक्क डरकतं. एकूण पाण्याखाली ‘शांतता राखा’ची पाटी लावायला भरपूर वाव आहे.

म्हणून तिथे बोलण्याचा शिष्टाचार ठरला आहे. आधी कानोसा घ्यायचा, दुसरं कुणी बोलत नाही ना. मग एक ठरावीक सूर काढून समोरच्याला सावध करायचं. मग मोजके शब्द, हळू. आणि पलीकडच्याने ‘पोचलं’ असं कळवायचं. नाही कळवलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. हे वाचताना मला राहून राहून वाटत होतं की, हे आपण कुठेतरी ऐकलंय. मग लक्षात आलं. मी न्हाणीघरात असतो, नळ धो धो चालू असतो, भिंतींवरून माझंच गाणं माझ्यावर आदळत असतं आणि बाहेरून आवाज येतो, “अहो, ऐकलं का?” हा तो सावध करणारा सूर! त्यावर माझ्याकडून ‘हूं’ येईपर्यंत पुढचा मजकूर सुटत नाही. ‘हूं’ आलं नाही, तर तोच सूर चढ्या पट्टीत पुन्हा. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बायका बिनचूक पाळत आलेली ही पद्धत शास्त्रज्ञांना यंत्रात बसवायला केवढा खटाटोप करावा लागला!

खटाटोपाची किंमत मात्र जबरी आहे. पाण्याखाली असं गाणारं-ऐकणारं बाजारातलं यंत्र घ्यायचं, तर एकेकाची किंमत लाखांच्या घरात जाते. आणि एक घेऊन भागत नाही. एकट्याने कुणाशी बोलायचं? नौदलाला, तेल काढणाऱ्या कंपन्यांना हे परवडतं. आमच्या शाखेत विहिरीसाठी कर्ज मिळतं, मोटरीसाठी मिळतं. पण ‘विहिरीच्या आतून बोलण्याच्या यंत्रासाठी’ असा रकाना अर्जात नाही.

म्हणून २०२२ सालची ती बातमी वाचून मी चमकलो. मी घरात मोठ्याने वाचलं, “वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींनी पाण्याखाली साध्या मोबाइलवरून निरोप पाठवून दाखवले!” आतून सौ. म्हणाली, “आपल्या वाशिमला विद्यापीठ कधी झालं?” म्हटलं, वाशिम नव्हे, वॉशिंग्टन; अमेरिकेतलं सिअ‍ॅटल. प्रतिध्वनीमुळे अक्षरं कशी गळतात, त्याचा हा घरगुती पुरावा.

त्या मंडळींनी केलं ते असं. नवं यंत्र काही बनवलंच नाही. मोबाइलला बोलायला कर्णा आणि ऐकायला कान मुळातच असतात. त्यात नुसतं एक अ‍ॅप घातलं आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बंद केला. पाणबुडे एकमेकांना हातांनी ज्या खुणा करतात, त्यांवरून २४० निरोप आधीच तयार करून ठेवले. आपण हवा तो निवडायचा. फोन आधी एक सूर सोडून चाचपतो, पलीकडचा फोन सांगतो की इथे अमुक पट्टी नीट ऐकू येतेय, मग त्या पट्टीत निरोप जातो. साधारण तीस मीटरपर्यंत असं बोलणं होतं. अगदी सावकाश, सेकंदाला दहा-वीस शून्य-एकांच्या चालीने ‘वाचवा’ एवढंच सांगायचं असेल, तर शंभर मीटरच्याही पलीकडे जातं. यंत्र आपल्या खिशात आधीपासून होतंच. फक्त ते पाण्यातही बोलू शकतं हे कुणाला सुचलं नव्हतं. (दुधाची रिकामी पिशवी वापरून हा प्रयोग वाचकांनी घरी करू नये.)

‘तीस मीटर म्हणजे काय मोठंसं?’ असं समुद्रवाल्यांना वाटेल. आम्हांला तसं वाटत नाही, कारण आमची विहीर तीस मीटरांत बसते.

रिसोड तालुक्यात माझ्या मेव्हण्याची शेती आहे. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या विहिरीवरची मोटर पाणी ओढेना. पाइपाच्या खालच्या टोकाला एक झडप असते. इंग्रजीत तिचं नाव फूट व्हॉल्व्ह, पण आमच्याकडे तिला ‘फुटबॉल’ म्हणतात आणि तो गोल आहे की नाही ह्याची कुणी चौकशी करत नाही. तर फुटबॉलमध्ये कचरा अडकला होता. तो काढायला गावातले एक मामा आले. साठीकडे झुकलेले, काटक. ना नळकांडं ना मुखवटा. कमरेला दोर, हातात पाना आणि छातीत मावेल तेवढी हवा. उतरण्यापूर्वी त्यांनी आम्हांला सगळी संदेशवहनाची पद्धत एका वाक्यात शिकवली, “भाऊ, एक हिसका म्हंजे दोर ढिला सोडा, दोन हिसके म्हंजे वर ओढा.”

“आणि तीन?” मी विचारलं.

“तीन मारायले माणूस शिल्लक रायत नाई.”

पहिल्या दोन बुड्या ठीक झाल्या. तिसऱ्या बुडीला मामा खाली गेले. मेव्हणा एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने सोयाबीनचा भाव विचारत होता. मधे गडी होता. मी शेवटचं टोक धरलं होतं. दोर जसाच्या तसा, ना एक हिसका ना दोन. अर्धं मिनिट झालं, पाऊण झालं. पाण्यावर बुडबुडे येत होते, तेही थांबले. मेव्हण्याने फोन खाली ठेवला. कुणीच कुणाशी बोललं नाही. दोराच्या टोकाला माणूस आहे आणि तो काय म्हणतोय ते आपल्याला कळत नाही, ही गोष्ट किती मोठी आहे हे तेव्हा कळलं.

इतक्यात मोटरीजवळ चहा गाळत बसलेल्या सासूबाई ओरडल्या, “अरे, पाइप बोलून रायला!”

टण, टण. थोडं थांबून पुन्हा टण, टण. जुना लोखंडी पाइप होता. खालून मामा पाना आपटत होते. दोनदा. म्हणजे ‘ओढा’. गड्याने वाकून पाहिलं, तर दोर मधल्या कपारीत घुसून घट्ट बसलेला. खालचे हिसके तिथेच जिरत होते. त्याने कपारीतून दोर झटकून सोडवला आणि आम्ही तिघांनी मिळून असं ओढलं, की मामा जवळजवळ हवेत आले. काठावर पाच मिनिटं ते नुसते श्वास घेत बसले. मग तोंडातलं पाणी थुंकून म्हणाले, “दोर बहिरा झाला व्हता.”

लोखंडातून आवाज सेकंदाला पाच हजार मीटर जातो, हे मामांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. उपयोग मात्र त्यांनी केला. ते म्हणाले, “आता सारे लोक प्लॅस्टिकचा पाइप टाकतात. त्याच्यावर पाना आपटला त काय आयकू येईन?” लोखंड गेलं, तशी मामांची टेलिफोन लाइनही गेली. पाणी मात्र अजून तिथेच आहे आणि ते आवाज नेतं. प्रश्न आहे तो लाखांचं यंत्र शेकड्यांत कसं बसवायचं, एवढाच. पाचशे रुपये घेऊन जीव टांगणीला लावणाऱ्या माणसाच्या खिशात आज तसा फोन असतो. त्याच्यासाठी २४० निरोपांचीही गरज नाही. तीन पुरेत : ‘सोडा’, ‘ओढा’ आणि वरून जाणारा ‘ऐकलं’. तिन्हींत महत्त्वाचा तिसरा. खाली अंधारात बसलेल्या माणसाला वर कुणी ऐकतंय एवढं कळलं, तरी तो आणखी दहा सेकंद दम धरतो.

मोठ्या प्रमाणावर आपण हेच करतो आहोत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर हैदराबादला, म्हणजे पुन्हा समुद्र नसलेल्या गावात, ऑक्टोबर २००७ पासून इशारा देणारं केंद्र चालू झालं. समुद्राच्या तळाशी पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं बसवली आहेत. ती आपलं मोजमाप वर तरंगणाऱ्या पिंपाला कळवतात ते आवाजानेच. पिंप पुढे उपग्रहाला सांगतं. तळाशी गंभीर काही घडलं की पहिला शब्द कानानेच ऐकावा लागतो. फरक इतकाच, की तिथे वरचं पिंप सोयाबीनचा भाव विचारत नाही.

मामांना मी ह्या मोबाइलच्या युक्तीबद्दल सविस्तर सांगितलं. वॉशिंग्टन, पिशवी, २४० निरोप, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि विचारलं, “ते समदं ठीक हाय भाऊ. पण वरच्यानं फोन उचलला पायजे ना?”